१९७० ची शेव्हेल पुन्हा उभी करायची तर: आधी पत्रा, मग इंजिन

मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. ब्लॉकवर केशरी रंगाचा ताजा हात मारलेला असतो, क्रोमची व्हॉल्व्ह कव्हरं चकाकत असतात, चावी फिरवली की व्ही-८ गुरगुरतं आणि आपण पाघळतो. पण या गाड्यांमध्ये इंजिन हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक हे व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आलं आणि २०११ मध्ये तिची मालक कंपनी जनरल मोटर्स, म्हणजे जीएमने, त्या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं. पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत सगळं आजही दुकानात मिळतं. कुजलेला पत्रा मात्र पैसे, शनिवार-रविवार आणि उत्साह, तिन्ही खातो. म्हणून या लेखात इंजिनापेक्षा पत्र्याला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून शेव्हरोलेची १९७० ची दोन दारांची शेव्हेल मालिबू घेतो. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचा खेळ १९६४ मध्ये पाँटियाक जीटीओने रंगात आणला. अशा गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा जीएमचा स्वतःचाच नियम होता. तो १९७० साली उठला आणि शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचं एलएस६ आलं, कागदावर ४५० हॉर्सपॉवर. ती गाडी आज तुमच्या-माझ्या आवाक्यातली नाही. ३५० घनइंचांची, चार बॅरल कार्ब्युरेटरची, ३०० हॉर्सपॉवरची मालिबू मात्र मिळते. (हे आकडे त्या काळच्या ‘ग्रॉस’ मोजणीचे, म्हणजे सायलेन्सर, एअर क्लीनर वगैरे न जोडता घेतलेले. १९७२ पासून ‘नेट’ मोजणी आली आणि तीच इंजिनं कागदावर एकदम अशक्त झाली.) घरी काम करणाऱ्यासाठी शेव्हेल सोयीची, कारण खाली वेगळी चेसिस आहे, वर बॉडी बोल्टांवर बसते आणि जवळजवळ प्रत्येक पॅनेल नवं बनवून मिळतं.

गाडी कुठली घ्यायची

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पन्नास वर्षांत त्या मिठाने काय केलं असेल ते सांगायला नको. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला असतो, सीट उन्हाने चिरलेल्या असतात, रंग उडालेला असतो, पण पत्रा शाबूत असतो. डोळे झाकून ती घ्या. ट्रकने आणायचा खर्च एका क्वार्टर पॅनेलच्या (मागच्या चाकावरच्या बाजूच्या पत्र्याच्या) कामापेक्षा कमीच भरतो. सीट दोन दिवसांत शिवून होतात, चेसिस नाही.

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना, आणि गाड्यांच्या कंपन्यांमुळे ती इथे कमी नाहीत, एक फुकटची शाळा उपलब्ध आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते, १९९५ पासून. खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या मालकाला विचारा, ‘मागच्या काचेखाली काय निघालं?’ तो अर्धा तास बोलेल आणि तुमचे काही हजार डॉलर वाचतील.

कागद आणि नंबर

गाडीचा नंबर डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसतो. पट्टीचे रिव्हेट फुलासारखे, सहा पाकळ्यांचे असायला हवेत. साधे गोल रिव्हेट दिसले तर पुढचं बोलणं थांबवा. १९७० च्या व्ही-८ मालिबूच्या दोन दारी हार्डटॉपचा नंबर १३६३७ ने सुरू होतो. आता गंमत बघा. १९६६ ते ६८ या काळात एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६ ही जास्त ताकदीची वेगळी मालिका होती आणि तिचा नंबर १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं. त्यामुळे १९७० ची गाडी खरी एसएस आहे की मालिबूला बिल्ले चिकटवलेत, हे गाडीच्या नंबरवरून कळतच नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हेलच्या नोंदी कंपनीकडे मिळत नाहीत. कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या मात्र जीएम कॅनडाकडून मिळतात. बाकीच्यांसाठी भरवशाचा पुरावा म्हणजे कारखान्यातली बिल्ड शीट. ती बहुधा पेट्रोल टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेली सापडते. तो कागद किंवा मूळ विक्रीची पावती नसेल तर मालिबूचाच भाव द्या. बिल्ल्यांचे पैसे देऊ नका.

इंजिन मूळचं आहे का ते तारखांवरून ताडून बघता येतं. ब्लॉकच्या पुढे, पॅसेंजरच्या बाजूला, हेडच्या लगत एक सपाट जागा असते. वायर ब्रश न मारता नुसत्या फडक्याने पुसा. समजा तिथे ‘व्ही०३१२’ आणि पुढे तीन अक्षरं आहेत. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३१२ म्हणजे १२ मार्च. शेजारी गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. ब्लॉकच्या मागच्या कडेला ओतकामाची तारीख उठलेली असते. ‘सी २ ०’ म्हणजे २ मार्च १९७०. बॉनेटखाली फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर ‘०३डी’ असेल तर बॉडी मार्चच्या चौथ्या आठवड्यात बनली. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटा लागला तर इंजिन नंतर कुणीतरी टाकलंय. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘मॅचिंग नंबर’चा भाव देऊ नका.

पत्र्याची तपासणी

टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर, पाण्याची बादली आणि पाठीखाली घ्यायला पुठ्ठा. एवढी सामग्री घेऊन गेलात तर विकणारा जरा नरमाईने बोलतो.

सुरुवात मागच्या काचेपासून करा. काचेभोवतीची चकचकीत पट्टी क्लिपांवर बसते आणि क्लिपा पत्र्यावरच्या बारीक खुंट्यांवर. त्या खुंट्यांपाशी रंग आधी उडतो. पट्टीखाली पानं, धूळ, ओल साठते आणि काच व डिकी यांच्यामधला पत्रा आतून कुजतो. तिथे भोक पडलं की पाणी डिकीत उतरतं, मॅटखालून दोन्ही कोपऱ्यांत जातं आणि क्वार्टर पॅनेलच्या खालच्या पोकळीत साचून राहतं. काही वर्षांनी मागच्या चाकामागे रंगाला फुगे येतात. मालक फुगे खरवडून पुटिंग (खड्डे भरायचा लगदा) भरतो आणि वर रंग मारतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मागच्या चाकामागे फुगा दिसला की आधी काचेखाली बोट फिरवा, मग डिकीतली मॅट उचलून कोपरे स्क्रूड्रायव्हरने टोचा.

चुंबक फिरवताना क्वार्टर पॅनेलचा खालचा भाग, दाराच्या खालच्या कडा आणि पुढच्या फेंडरचा दारालगतचा तळ यांवर भर द्या. चुंबक घसरलं तर आत पुटिंग आहे. छतावर व्हिनाइल असेल तर हाताने दाबा. खाली कुरकुर लागली तर व्हिनाइलने पन्नास वर्षं पाणी धरून ठेवलंय. दार अर्धं उघडून मागच्या कडेने वर उचला, म्हणजे बिजागरीचा खेळ कळेल.

मग बादली. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी हवेच्या जाळ्या असतात. त्यांत पाणी ओता आणि आत पाय ठेवायच्या जागी टॉर्च धरून बसा. पाणी फेंडरच्या मागून जमिनीवर यायला हवं. गालिच्यावर टपकलं तर आतली पेटी सडली आहे, आणि ती काढायला गाडीचं अर्धं नाक उतरवावं लागतं. या चाचणीला नाही म्हणणाऱ्याकडून मी तरी गाडी घेणार नाही.

शेवटी खाली झोपून चेसिस. मागच्या चाकांवरून ती वर वळते, त्या वळणात चिखल अडकून राहतो. छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भदभदतं. वरून कीर्तन आतून तमाशा असलेल्या गाड्या इथेच पकडल्या जातात, कारण चेसिसवर काळा जाड रंग मारायला कुणी कंटाळत नाही.

माझा नियम असा: गाडीची जमीन (फ्लोअर), डिकीचा तळ आणि क्वार्टर पॅनेल गेलेली चालतील, ती विकत मिळतात. चेसिस, पुढच्या काचेची चौकट आणि जाळ्यांखालची पेटी, या तिघांतलं एक जरी गेलेलं असेल तर नमस्कार करून निघा.

सुटं करणं, आणि किती सुटं करायचं

बाजारात ‘नव्वद टक्के काम झालंय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबाभर शेव्हेल पुष्कळ दिसतात. कुणीतरी उत्साहाने सगळी गाडी खोलली आणि मग घरात मूल झालं, नोकरी बदलली, गॅरेज रिकामं करावं लागलं. चेसिस चांगली असेल तर बॉडी उचलू नका. एकेक भाग घ्या, पुरा करा, गाडी चालती ठेवा. बॉडी चेसिसवरून काढायचं काम चेसिसलाच गरज असेल तेव्हा, किंवा प्रदर्शनात मांडायची असेल तेव्हा.

पाना लावण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, मोजपट्टी चौकटीत धरून. बोल्ट पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लिहा: कुठला, कुठल्या बाजूचा, वायसर किती. कारखान्याच्या असेंब्ली मॅन्युअलची छापील प्रत मिळते, ती आधी घ्या. त्यात प्रत्येक नट-बोल्टाची आकृती आहे. जुना भाग कितीही सडलेला असो, नवा बसेपर्यंत फेकू नका. नव्या बनावटीच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे असतात, तेव्हा जुन्यावरची भोकं बघूनच काम होतं.

बॉडीच्या बोल्टांना आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. त्यांचे नट जमिनीच्या पोकळीत पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेले असतात. पिंजरा सडला की बोल्टबरोबर नटही गरगर फिरतो आणि वरून जमीन कापून तो धरावा लागतो.

दोन विषांची माहिती असू द्या. छत आणि क्वार्टर पॅनेलच्या जोडावर कारखान्यात शिसं भरलेलं असायचं. ते ग्राइंडरने घासलं तर धूळ थेट फुप्फुसात जाते; उष्णता देऊन वितळवून काढा, योग्य मास्क लावा आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. तिथे हवेचा फवारा मारायचा नाही. ओलं करून पुसा आणि पिशवी बंद करून टाका.

पत्रा कापणं आणि जोडणं

इथे क्रम महत्त्वाचा. बॉडी उचलायची असली तरी मोठं पत्राकाम ती चेसिसवर असतानाच करा. बॉडी आणि चेसिसमधले रबरी बुश आधी नवे टाका. जुने दबलेले असतात, त्यावर दारांच्या फटी जुळवल्या आणि नंतर बुश बदलले तर सगळ्या फटी पुन्हा बिघडतात. जमीन किंवा दाराखालचा पत्रा कापणार असाल तर दाराच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी नळ वेल्ड करून आधार द्या. नाही तर चौकट चार-पाच मिलिमीटर बसते आणि दार कायमचं घासतं.

मूळ पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर आहे. एमआयजी वेल्डरला ०.०२३ इंचाची तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लावा. नळीत फ्लक्स असलेली तार बाहेरच्या पॅनेलला वापरू नका. ती जास्त तापते आणि शिंतोडे उडवते. लांब रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा मध्ये, आणि दर वेळी पत्र्यावर हात ठेवता येईपर्यंत थांबायचं. घाई केली की क्वार्टर पॅनेल पापडासारखं वाकडं होतं आणि मग पुटिंगचा थर चढवण्यावाचून उपाय उरत नाही.

नवं क्वार्टर पॅनेल वेल्ड करण्यापूर्वी क्लॅम्पने लावून दार, डिकीचं झाकण, मागचा बंपर, काच, काचेची पट्टी आणि मागचा दिवा, सगळं खरोखर बसवून बघा. दार आणि पॅनेलमधली फट वरपासून खालपर्यंत साधारण चार-पाच मिलिमीटर, एकसारखी हवी. कारखान्यातून आलेल्या गाड्याही इतक्या नेटक्या नव्हत्या, हे लक्षात ठेवा आणि एका फटीपायी महिना घालवू नका. समाधान झालं की सगळं काढा, आतल्या बाजूला वेल्डिंग सोसणारा झिंक प्रायमर मारा आणि मगच टाके घाला. काम संपल्यावर पोकळ्यांत लांब नळीने मेणाचा थर मारायला विसरू नका. गंज आतूनच येतो.

जुना रंग काढताना दार, बॉनेट, छत यांसारख्या सपाट पत्र्यावर वाळूचा फवारा मारू देऊ नका. पत्रा ताणून फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही. तिथे रंग काढणारं केमिकल किंवा खायच्या सोड्याचा फवारा. वाळू चेसिसला, सस्पेन्शनच्या दांड्यांना, ब्रॅकेटना.

चेसिस, सस्पेन्शन, ब्रेक

बॉडी काढली असेल तर चेसिसचे कर्ण मोजा. कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये मापं आहेत. गाडी कधी ठोकली गेली असेल तर इथे कळतं.

पुढच्या कॉइल स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद दबलेली असते. बॉल जॉइंट सोडण्यापूर्वी स्प्रिंगच्या आत घालायचा कॉम्प्रेसर लावा, शिवाय साखळीने स्प्रिंग चेसिसला बांधा, आणि खालच्या दांडीखाली जॅक ठेवा. यात काटकसर नको. नवे बुश बसवताना दांड्यांचे बोल्ट हातानेच सैलसर ठेवा. गाडी चाकांवर, पूर्ण वजनाने उभी राहिली की मग कसायचे. लटकत्या अवस्थेत कसले तर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

ही गाडी साध्या मॉडेलमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन यायची. आजच्या महामार्गावर पुढे डिस्क ब्रेक लावावेत असं माझं स्पष्ट मत आहे, मूळपणाचा आग्रह कितीही असला तरी. त्याचा संच बोल्टांनी बसतो. मास्टर सिलिंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटून देणारा) मात्र डिस्क-ड्रम जोडीचेच घ्या. सगळ्या लोखंडी नळ्या बदला. मास्टर सिलिंडरमधली हवा गाडीवर चढवण्यापूर्वी टेबलावर वायसमध्ये धरून काढा. नंतरचा निम्मा वैताग वाचतो. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ३ आणि सिलिकॉनचं डॉट ५ कधी मिसळू नका. टायर रेडियल घेणार असाल तर व्हील अलाइनमेंटवाल्याला १९७० चे आकडे देऊ नका. ते बायस-प्लाय, म्हणजे जुन्या धाटणीच्या तिरक्या थरांच्या टायरचे आहेत. रेडियलला शक्य तेवढा पॉझिटिव्ह कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे कललेला कोन) हवा.

इंजिन

बरीच वर्षं बंद असेल तर सरळ स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग पुलीच्या मधल्या बोल्टाला लांब पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या वर असेल आणि तेलाचा दाब ठीक असेल, तर इंजिन उघडू नका. गाडी चालवा, पैसे रंगासाठी ठेवा.

उघडायचंच ठरलं तर मशीन शॉपला काय सांगायचं? ब्लॉक गरम टाकीत धुऊन चुंबकीय पद्धतीने तड्यांची तपासणी, गरजेप्रमाणे बोअर, म्हणजे सिलिंडर कातून रुंद करणं (०.०३० इंच मारला की ३५० चं ३५५ होतं), क्रँक तपासणी, हेडला बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कडक एक्झॉस्ट सीट. आणि मोठ्या अक्षरांत लिहून द्या: ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग रंधायचा असेल तर आधी विचारा. ज्या सपाट जागेवर इंजिनाचा मूळ नंबर ठोकलेला आहे ती त्याच पातळीवर येते. मशीनचा एक फेरा मारला की नंबर कायमचा गेला, आणि त्याबरोबर गाडीच्या किमतीचा मोठा वाटाही.

जुळणी करताना ३५० चे आकडे: हेड बोल्ट ६५ फूट-पौंड, मेन कॅप ७०, रॉड ४५, इनटेक मॅनिफोल्ड ३०. हेडचे बरेच बोल्ट पाण्याच्या वाटेत उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट लावा, नाहीतर पाणी बोल्टावरून वर चढतं. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. डिस्ट्रिब्युटरमधले जुने पॉइंट्स ठेवलेत तर ड्वेल (पॉइंट्स मिटलेले राहतात तो कोन) ३० अंश, प्लगची फट ०.०३५ इंच.

नव्या कॅमशाफ्टचा जीव पहिल्या वीस मिनिटांत ठरतो. जुन्या धाटणीच्या सपाट टॅपेटला आजचं सामान्य तेल पुरत नाही, कारण त्यातलं जस्त-फॉस्फरस कमी केलेलं आहे. ब्रेक-इनचं खास तेल घाला. सुरू करण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या भोकातून ऑइल पंपापर्यंत प्रायमिंगचा दांडा घाला आणि ड्रिलने घड्याळाच्या दिशेने फिरवा. सोळाही रॉकरवर तेल ओघळताना दिसेपर्यंत थांबायचं नाही. मध्ये मध्ये क्रँक थोडा थोडा फिरवत राहा. मग डिस्ट्रिब्युटर नेमका बसवा, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरा आणि पहिल्या झटक्यात इंजिन पेटेल अशी तयारी ठेवा. पेटल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वरखाली करत, ठेवा. आयडलवर सोडलं तर कॅमच्या टोकांवर तेल उडत नाही आणि ती घासतात. पाणी गळलं, वास आला, शेजारी आले, तरी आयडल नाही. खरंच अडचण आली तर पूर्ण बंद करा. नंतर तेल आणि फिल्टर लगेच बदला.

पेट्रोलची टाकी धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, नवी स्वस्त आहे. रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणाऱ्या घ्या.

वायरिंग

पन्नास वर्षांची वायर वाकवली की तिचं वेष्टण बिस्किटासारखं तुटतं. जोडत बसू नका, मूळ रंगांचा तयार हार्नेस मिळतो, तो टाका. रंग झाल्यावर निम्मे दिवे लागत नाहीत म्हणून लोक हार्नेसला शिव्या देतात. कारण बहुधा अर्थिंग असतं: सुंदर रंगवलेल्या पत्र्यातून वीज जात नाही. प्रत्येक अर्थच्या बोल्टाखाली रंग खरवडा, आणि इंजिन ते फायरवॉल अशी वेणीची पट्टी नक्की लावा.

रंग

हे काम बाहेर द्या असं मी सांगेन. चांगलं शॉप पत्रा तयार असतानाही पंधरा-वीस हजार डॉलरच्या पुढे सहज जातं, त्यामुळे तयारी स्वतः केली तर बरीच बचत होते. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुटिंग आणि तेही तीन मिलिमीटरच्या आत, मग जाड प्रायमर. वर काळ्या पावडरीचा हलका हात मारून लांब ठोकळ्याने घासा. खड्ड्यात काळं राहतं, उंचवट्यावर आधी जातं; डोळ्यांपेक्षा हे खरं सांगतं. १८० च्या पॉलिश पेपरपासून ३२०, मग ४०० ते ६०० पर्यंत. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा क्लिअर कोटखाली कायम दिसत राहतात.

मूळ रंग फायरवॉलच्या पट्टीवर आकड्यात लिहिलेला असतो; ७५ म्हणजे क्रॅनबेरी रेड. कारखान्यात ॲक्रिलिक लॅकर मारायचे. आज बेस कोट आणि क्लिअर कोट टिकाऊ पडतो. घरी मारायचा हट्ट असेल तर हे वाचा: दोन घटकांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कार्बन मास्क त्याला भरवशाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. एकदा त्याची ॲलर्जी झाली की थोड्या वासानेही दमा उसळतो. शिवाय जोडलेलं गॅरेज म्हणजे वास घरभर.

पुन्हा जोडणी आणि पहिले मैल

आतलं छत आधी, काचा नंतर. छताचं कापड काचांच्या चौकटीवर ओढून चिकटवतात, म्हणून हा क्रम उलटा करता येत नाही. पट्टीच्या क्लिपा बसवताना त्या खुंट्यांपाशी सीलंटचा ठिपका द्या. गाडी मुळात कुठून सडली ते वर पाहिलंच आहे. गालिचा, सीट, दारांची पॅनेलं यांचे तयार संच येतात. ते उन्हात पसरून सुरकुत्या जाऊ द्या, मग बसवा. यात अवघड काही नाही.

पहिली फेरी घराच्या गल्लीत, वीस मैलांच्या वेगात, ब्रेक तापेपर्यंत. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग बघा. लालसर असेल तर गिअरबॉक्स, हिरवट असेल तर रेडिएटर, मागच्या चाकापाशी पारदर्शक आणि निसरडं असेल तर ब्रेक, आणि तेव्हा गाडी हलवायची नाही. पहिल्या शंभर मैलांनंतर चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट, एक्झॉस्ट, इनटेक मॅनिफोल्ड पुन्हा कसा. पाचशे मैलांवर तेल पुन्हा बदला आणि जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा. बारीक चमक साहजिक आहे, बोटाला टोचणारे कण नाहीत.

विमा ठरलेल्या किमतीचा, म्हणजे ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा घ्या. साध्या पॉलिसीत ती पन्नास वर्षांची जुनी गाडी ठरते. त्यासाठी खोलण्यापासूनचे फोटो आणि पावत्या एका फायलीत हव्यात. हिवाळ्यात टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर घाला, बॅटरीला मेंटेनर लावा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, आणि एक्झॉस्टच्या तोंडात जाळी कोंबा, उंदरांसाठी. एप्रिलमध्ये दोन-तीन चांगले पाऊस पडून रस्त्यावरचं मीठ धुऊन जाईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.